मास्तर नसलेलं स्टेशन : बेगडेवाडी

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पकडलेली असते. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड ही नावं पुणेकरांना तोंडपाठ आहेत. पुढचं तळेगावही सगळ्यांना ठाऊक असतं. पण देहूरोड आणि तळेगाव यांच्यामध्ये गाडी आणखी दोनदा थांबते. अर्धा मिनिट, फार तर मिनिटभर. चार माणसं उतरतात, सहा चढतात आणि गाडी निघते. पहिला थांबा बेगडेवाडी, दुसरा घोरावाडी. खिडकीशी बसलेला प्रवासी तेवढ्यात पिवळी पाटी वाचतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो.

तळेगावला आमचे नातेवाईक असल्यामुळे ही दोन्ही स्टेशनं आम्ही शेकडो वेळा पाहिली होती, पण उतरलो कधीच नव्हतो. यंदा थंडीतल्या एका रविवारी आम्ही ठरवलं की आजची सफर बेगडेवाडीपर्यंतच. नानी, दोन मुलं आणि आम्ही दोघं. डब्यात बटाट्याचे पराठे, लिंबाचं लोणचं, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या चार बाटल्या. लोणावळा-महाबळेश्वरच्या सहलींविषयी पुष्कळ लिहिलं जातं. एवढ्या लहान स्टेशनाविषयी कोण लिहिणार? म्हणून हा प्रपंच.

जुना मार्ग, नवी लोकल

पुणे स्टेशन सोडलं की गाडी लगेच संगमाजवळ मुठा ओलांडते आणि खडकीच्या पुढे दापोडीला मुळा. मग दोन्ही बाजूंना कारखाने, इमारती, पुन्हा कारखाने. हा लोहमार्ग जुना आहे. मुंबई-ठाणे ही पहिली गाडी १८५३ मध्ये धावली आणि अवघ्या पाच वर्षांनी, जून १८५८ मध्ये, खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. मधला बोरघाट तेव्हा तयार नव्हता. मुंबईहून येणारा मुसाफिर घाटाखाली उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायचा. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, तेव्हा कुठे सलग प्रवास शक्य झाला. आपली पुणे-लोणावळा लोकल मात्र फार अलीकडची, १९७८ पासूनची.

देहूरोडला मुलांनी विचारलं, "हे देहू आहे का?" देहू नव्हे, देहूरोड. इंग्रजांच्या काळात गाव रुळांपासून दूर असलं की स्टेशनाच्या नावाला 'रोड' जोडायची पद्धत होती. अर्थ असा की इथे उतरा आणि पुढे रस्त्याने जा. तुकोबांचं देहू इथून काही किलोमीटरवर इंद्रायणीकाठी आहे. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. एका स्टेशनाच्या आसपास किती आठवणी राहतात, हे गाडीतून कळत नाही.

पुढचं स्टेशन बेगडेवाडी. पुण्यापासून साधारण पाऊण तास. आमच्याबरोबर उतरलेली माणसं पाठीवरच्या पिशव्या सावरत आपापल्या वाटेला लागली आणि दोन मिनिटांत फलाट जवळजवळ रिकामा झाला. डोक्यावर विजेच्या तारा, समोर रूळ आणि पलीकडे डोंगराची रेघ. शहर मागे राहिल्यासारखं वाटतं, पण पुरतं सुटलेलंही नसतं. पाटीवर नाव तीनदा लिहिलेलं होतं. धाकटीने विचारलं, "बेगडेवाडी दोनदा एकसारखंच का लिहिलंय?" एक मराठी, एक हिंदी आणि तिसरं इंग्रजी. दोन्हींची लिपी देवनागरी, म्हणून नाव दोनदा सारखंच दिसतं. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक स्टेशनावर हे असतं. आम्ही इतकी वर्षं पाहत होतो, पण तो प्रश्न मुलीला पडला.

हॉल्ट म्हणजे काय?

रेल्वेच्या भाषेत अशा थांब्याला 'हॉल्ट' म्हणतात. नेहमीच्या स्टेशनात स्टेशन मास्तर असतो, सिग्नल असतात, एका गाडीला बाजूला उभं करून दुसरीला पुढे काढायला जादा रूळ असतो. हॉल्टवर यातलं काहीच नसतं. गाडीला पुढे सोडायचं की थांबवायचं हे तिथे ठरत नाही. ते काम दोन्ही बाजूंची मोठी स्टेशनं आणि सिग्नल करतात. हॉल्ट म्हणजे धावत्या मार्गाच्या कडेला बांधलेला एक फलाट. गाडी थांबते ती वेळापत्रकात लिहिलंय म्हणून.

मग गाडी निघायची तरी कशी? लोकलच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो. २०२२ पासून त्याच्या पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं आहे, पण लोकांच्या तोंडी गार्डच. तो बाहेर डोकावून पाहतो. कुणी चढतंय का, कुणाचा पदर किंवा पिशवी अडकली आहे का. सगळं ठीक दिसलं की बेलचे दोन ठोके देतो. दोन ठोके म्हणजे निघा, एक ठोका म्हणजे थांबा. पुढच्या टोकाला बसलेला मोटरमन ते ऐकून गाडी हलवतो. म्हणजे ज्या स्टेशनाला मास्तर नाही, त्या स्टेशनाचा त्या अर्ध्या मिनिटापुरता मास्तर हा गार्डच. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी पुढच्या गाडीच्या गार्डला हात केला. त्यानेही हात हलवला.

तिकिटांची व्यवस्थाही हॉल्टवर वेगळी असते. देशातल्या अनेक हॉल्टवर रेल्वेचा कर्मचारी तिकीट विकत नाही. गावातल्याच एखाद्या माणसाला कंत्राट दिलं जातं. तो जवळच्या मोठ्या स्टेशनातून तिकिटं विकत आणतो, गाडीच्या वेळी विकतो आणि त्यावर त्याला कमिशन मिळतं. अंगात गणवेश नसतो, पगार नसतो. जितकी तिकिटं खपतील तितकी त्याची कमाई. आता मोबाईलवरून तिकीट काढता येतं, त्यामुळे खिडकी नसली तरी तिकिटाचं निमित्त सांगता येत नाही.

फलाटावर थोडा वेळ बसलो असताना मुंबईकडून एक एक्सप्रेस आली. लांबून शिटी वाजली आणि बघता बघता सगळी गाडी धडधडत निघून गेली. धूळ उडाली, पानं फिरली, बाकावर ठेवलेलं वर्तमानपत्र खाली पडलं. नानीने दोन्ही नातवंडांचे हात घट्ट धरून ठेवले होते. मोठ्या स्टेशनात न थांबणारी गाडी येणार असली की सूचना होते, माणसं मागे सरकतात. इथे आपणच सावध राहायचं. हे मुद्दाम लिहितो, कारण लहान मुलं घेऊन अशा स्टेशनावर गेलं की 'किती शांत आहे' म्हणून आपण सैल पडतो.

नांगर धरणाऱ्या घरातल्या बाईचं दान

बेगडेवाडीहून विचारत विचारत आम्ही घोरवडेश्वराच्या डोंगराकडे निघालो. हीच शेलारवाडीची लेणी. पायऱ्या चढून गेलं की कातळात कोरलेल्या खोल्या लागतात. मूळची ही बौद्ध भिक्खूंची राहण्याची आणि उपासनेची जागा. पुढे तिथे शंकराचं देवस्थान झालं. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. तुकोबा चिंतनासाठी इथे येत असत असंही परिसरात सांगतात. दर्शनाला आलेल्या लोकांची गर्दी होती, म्हणून आम्ही बाजूच्या कातळावर बसून खालचा मुलूख पाहिला. खाली महामार्ग, त्यावरच्या मोटारींची रांग आणि तिथेच कुठेतरी आमचं ते इवलंसं स्टेशन.

या लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. त्यात धेनुकाकट नावाच्या गावी राहणाऱ्या, नांगर धरणाऱ्या घरातल्या एका बाईने आपल्या मुलासह लेण्याचं दान दिल्याची नोंद आहे. बाईचं नाव सियागुटनिका, मुलाचं नंद. राजा नाही, सरदार नाही, शेतकऱ्याची बायको. पुढे कार्ल्याच्या लेण्यांतल्या लेखांतही धेनुकाकटाच्या दात्यांची नावं वारंवार येतात. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर येणारा व्यापारी रस्ता याच भागातून जात होता. त्या रस्त्यावरची ही आसऱ्याची ठिकाणं सामान्य घरांतल्या पैशांतूनही उभी राहिली.

आपल्याकडे मुसाफिरखाना, सराई, रस्त्यावरची सबील आणि विहीर बांधण्याला सदका-ए-जारिया मानतात. माणूस गेला तरी त्याचं पुण्य चालू राहतं, कारण वाटसरू पाणी पीतच राहतात. नानीला तो लेख समजावून सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तेव्हाही बायका घरखर्चातून वाचवत होत्या."

रेल्वेचंही असं एक उदाहरण आपल्या जवळच आहे. नेरळ-माथेरानची छोटी गाडी सरकारने बांधलेली नाही. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधून घेतली. खर्च आला सोळा लाख रुपये. डोंगराच्या वळणांवरून २१ किलोमीटर जाणाऱ्या त्या मार्गावरची जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्टेशनंही अशीच, पाटी वाचेपर्यंत मागे पडणारी.

"तपासणार कोण?"

डोंगर उतरताना आम्ही परतीची तिकिटं मोबाईलवर काढली. कागदाविना निघणारं हे तिकीट फलाटावर बसून काढता येत नाही, रुळांपासून थोडं अंतर असावं लागतं. गाडी दिसल्यावर घाईने तिकीट काढून वेळ मारून नेऊ नये, म्हणून हा नियम. रक्कम तरी किती? एका कटिंग चहाच्या आसपास.

थोरल्याने सरळ प्रश्न टाकला. "इथे गेट नाही, टीसी नाही. तिकीट तपासणार कोण?"

आम्ही दंडाचं सांगणार होतो. विनातिकीट सापडलं तर भाड्याशिवाय कमीत कमी २५० रुपये दंड भरावा लागतो. पण नानी आधी बोलली. "बेटा, तिकीट टीसीसाठी नसतं. गाडीत बसलास तर भाडं देणं लागतोस. बघणारा असो नसो."

फलाटावर परत आलो तेव्हा बाकावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी. आम्ही विचारलं, "मावशी, पुण्याची गाडी किती वाजता?" त्यांनी वेळ तर सांगितलीच, पुढच्या आणि त्याच्या पुढच्या गाडीचीही सांगितली. वेळापत्रक त्यांना पाठ होतं. त्यांची नात चिंचवडला कॉलेजात जाते. रोज इथूनच. "दुपारची गाडी चुकली तर पोरगी तास न् तास अडकती," त्या म्हणाल्या. "मग सहा आसनी, बस, पुन्हा चालत. अंधार पडतो. गाडी हाय म्हणून तिचं शिक्षण चाललंय बघा."

पास काढते का, असं विचारल्यावर त्या जरा रागावूनच म्हणाल्या, "काढती म्हंजे? एक महिना सोडला नाही. तिकडं मुंबईत बसून ते काय बघणार, हितं किती माणसं उभी राहतात ते? त्यांना दिसतात ती तिकिटं."

या बाईंनी जे सांगितलं तेच रेल्वेच्या कागदांवर असतं. २०१७ मध्ये रेल्वेने स्टेशनांची नवी वर्गवारी केली. उपनगरी, बिगर-उपनगरी आणि हॉल्ट असे तीन गट पाडले, आणि गटाच्या आतला दर्जा प्रवासी किंवा उत्पन्न मोजून ठरवला. तिकीट जिथून निघतं त्या स्टेशनाच्या खात्यावर ते जमा होतं. फलाटावर पन्नास माणसं रोज चढली आणि तिकिटं दहाच निघाली, तर हिशेबात तिथे दहाच माणसं असतात. उरलेली चाळीस अस्तित्वातच नसतात. मग थांबा काढायचा विचार सुरू झाला की ती चाळीस माणसं सगळ्यात मोठ्याने ओरडतात.

स्टेशन टिकवणारे आणि गमावणारे

राजस्थानच्या नागौर जिल्ह्यात जालसू नानक नावाचा हॉल्ट आहे. गावातल्या घराघरांतून फौजेत गेलेली माणसं. सुट्टीवर ये-जा करायला त्यांना हे स्टेशन हवंच. २००५ मध्ये कमी उत्पन्नामुळे ते बंद करायचं ठरलं. गावकरी धरण्यावर बसले. तेव्हा अट घातली गेली की महिन्याला किमान १५०० आणि दिवसाला ५० तिकिटं विकून दाखवा. गावाने वर्गणी काढून दीड लाख रुपये जमवले, पंधराशे तिकिटं विकत घेतली आणि तिकीटविक्रीला गावातलाच माणूस नेमला. स्टेशन टिकलं. हरियाणात गुडगावजवळच्या ताजनगरच्या लोकांनी तर वीस लाखांहून जास्त रक्कम गोळा करून फलाटासकट हॉल्टच बांधला. जानेवारी २०१० मध्ये तिथे गाडी थांबू लागली.

उलट बाजू पाहायची तर विदर्भात जावं लागेल. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मार्गावर धावणारी 'शकुंतला' आपल्या वऱ्हाडातल्या वाचकांना आठवत असेल. कापसासाठी बांधलेली ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. दारव्हा, कारंजा, अंजनगाव सुर्जी अशी गावं तिने जोडली होती. शेवटच्या वर्षांत मधल्या लहान स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता. गार्ड खाली उतरून तिकिटं द्यायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून ते बंद करायचा आणि गाडी गेल्यावर पुन्हा उघडायचा. लोकांना त्यात गंमत वाटायची. पण एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त असलेली ती गाडी गरीब शेतकऱ्याची आणि मजुराची होती. गेल्या दशकात ती बंद पडली. 'शकुंतला' परत आणा म्हणून अजून मागणी होत असते. बंद पडलेली गाडी परत आणणं चालू गाडी टिकवण्यापेक्षा किती अवघड असतं, हे तिथल्या लोकांना विचारावं.

करोनाच्या काळात आणि नंतरही याची झलक सगळीकडे दिसली. गावोगावी थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्या 'एक्सप्रेस' म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडं दहाचं तीस रुपये झालं. २०२४ च्या सुरुवातीला ते पुन्हा दहा झालं. पाच-दहा मैलांवरच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला तीस आणि दहा यांतला फरक काय असतो, हे आपल्या घरात काम करणाऱ्या बाईला विचारलं तरी कळेल.

जाणार असाल तर

बेगडेवाडीला जायचं तर सकाळची लोकल धरा. दुपारी गाड्यांमध्ये मोठं अंतर असतं, म्हणून परतीच्या वेळा आधीच लिहून ठेवा. प्यायला आणि वजूला लागेल एवढं पाणी बरोबर घ्या. हॉल्टवर नळ असेलच असं धरून चालू नका. म्हाताऱ्या माणसांना गाडीत शिरायला वेळ लागतो, तेव्हा गाडी येण्याआधीच सगळ्यांनी एका डब्याच्या अंदाजाने एकत्र उभं राहावं. रूळ ओलांडू नका. तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे न थांबणारी गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. लेण्यांजवळ देवस्थान आहे, तिथल्या माणसांच्या श्रद्धेचा मान ठेवा. केरकचरा पिशवीत भरून परत आणा, कारण तिथे झाडायला रोज कुणी येईलच असं नाही.

आणि परतीचं तिकीट बेगडेवाडीहूनच काढा. येण्या-जाण्याचं एकदम पुण्याला काढलं तर ते पुण्याच्या खात्यात जातं. पुण्याला त्या दहा रुपयांनी काही फरक पडत नाही, बेगडेवाडीला पडतो.

गेट, मास्तर, टीसी यांच्याशिवाय चालणारी ही जागा म्हणजे प्रवाशांच्या हाती दिलेली अमानत आहे. मावशींच्या नातीसारख्या मुली तिच्या भरवशावर कॉलेजला जातात. आपण वर्षातून एकदा सहलीला गेलो तरी तिच्या हिशेबात आपलंही एक तिकीट असावं. अल्लाह त्या मुलीच्या शिक्षणात बरकत देवो, आणि तिची दुपारची गाडी वेळेवर येवो.